एमजीबी (१९६६) : वर्षभर वापरल्यावर, मुख्यतः बॅटरीबद्दल

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या रेडिंगला सुपरमार्केटबाहेर भर पावसात माझी एमजीबी, ही एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बंद पडली. मदतीला आलेला मेकॅनिक बॉनेट उघडून बॅटरी शोधत बसला. तिथे ती नसतेच! सीट पुढे करा, कार्पेट उचला, झाकण काढा, तेव्हा खाली मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही अंगांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिसतात. पठ्ठ्या काळी वायर बॉडीला लावायला निघाला. मी ओरडलो म्हणून वाचलो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला ‘पॉझिटिव्ह अर्थ’ (earth) असतो, म्हणजे बॉडीला बॅटरीचं धन टोक जोडलेलं असतं, ऋण नाही, हे यांना कोण सांगणार? बिल मात्र पूर्ण घेतलं.

१७९८ सीसीचं इंजिन, त्यात पेट्रोल-हवा मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर वगैरे तुम्हाला पाठच असेल. मला एवढंच कळत नाही, की एमजीचा मुख्य इंजिनिअर सिड एनेव्हरसारखा माणूस १९६२ मध्ये चासी (खालचा वेगळा सांगाडा) काढून टाकून मोनोकॉक, म्हणजे स्वतःच भार पेलणारी बॉडी देतो आणि बॅटऱ्या आधीच्या एमजीए मॉडेलसारख्या मागेच पुरून ठेवतो? पुढे रबर बंपरच्या गाड्यांत बारा व्होल्टची एकच बॅटरी आली, तीही मागेच! मी आता तेच केलंय. एक बारा व्होल्टची टाकली, दुसऱ्या खोबणीत पाने (स्पॅनर) ठेवतो.

खरं तर विकूनच टाकणार होतो. पण पार्टचे भाव बघितले आणि राग निवळला. एमजी ही कंपनी मुळातच काटकसरी. सेसिल किंबरने ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये मॉरिसच्याच साध्या गाड्यांवर स्पोर्टी बॉडी चढवून धंदा उभा केला (१९४१ मध्ये त्यालाच बाहेर काढलं, तो भाग वेगळा). एमजीबीचं इंजिनही एमजीची मालक कंपनी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) हिच्या घरगुती गाड्यांमधलं, ‘बी-सिरीज’ नावाचं. आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसी इंजिन त्याच घराण्यातलं. एमजीबी पाच लाखांहून जास्त निघाल्या, म्हणून आजही सुटे भाग स्वस्तात मिळतात. १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडीही मिळू लागली. एवढं असून पुढची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने १९८० मध्ये एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद केला. नवीन मॉडेलला पैसे द्यायचे नाहीत, अमेरिकेच्या नियमांसाठी जुनीच गाडी उंच करायची, वर रबर चिकटवायचं. मग दुसरं काय होणार?

घेणार असाल तर दारांखालचे सिल (पत्र्याचे लांब कठडे) आधी ठोकून बघा, गंज तिथेच लपतो. रंगावर जाऊ नका. इतकी जुनी गाडी म्हणून इथे ब्रिटनमध्ये रोड टॅक्स शून्य, एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. पण ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) तिला सोसत नाही, कमी इथेनॉलचं महागडं ई५ भरावं लागतं, म्हणून ऑफिसला मी बसनेच जातो.