आगमनकाळाच्या मेणबत्त्या घरी वळायचा संच: पत्रे उत्तम, हिशेब अपुरा

चार मेणपत्रे, तीन जांभळे आणि एक गुलाबी. सुती वातीची एक लड, चार खोबण्या असलेलं धातूचं कडं आणि प्रार्थनांचं छोटं पत्रक. ‘आगमनकाळाचा मेणबत्ती संच’ या नावाने मिळणाऱ्या डब्यात साधारण एवढंच असतं. आगमनकाळ म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ. रीथ म्हणजे हिरव्या पाल्याने सजवलेलं चार मेणबत्त्यांचं कडं, त्यावर दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते. मुलांना सोबत घेऊन घरीच रीथ तयार करू पाहणाऱ्या आईसाठी ही खरेदी योग्य आहे का? मेणपत्र्यांसाठी नक्कीच. कडं आणि वात मात्र पारखून घ्यायला हवी. शिवाय एक उणीव जवळपास प्रत्येक संचात सापडते: पत्रे मोजून चारच दिलेले असतात.

आधी पत्र्यांविषयी. मेणपत्रा म्हणजे मधमाश्यांच्या मेणाचा पातळ तक्ता, त्यावर पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी उठवलेली. नेहमीचं माप साधारण 20 बाय 41 सेंटीमीटर. 20 सेंटीमीटरच्या बाजूला वात ठेवून पूर्ण पत्रा गुंडाळला की 20 सेंटीमीटर उंच आणि सुमारे 2.2 सेंटीमीटर जाड मेणबत्ती होते. मेणबत्तीदाणीची सर्वसाधारण खोबण तेवढीच असते. ही पद्धत फार सोयीची आहे, कारण यात मेण वितळवावं लागत नाही. गरम भांडं नाही, साचा नाही, भाजण्याची भीती नाही. चार-पाच वर्षांचं मूल अर्धा पत्रा स्वतः वळू शकतं, आणि एका मेणबत्तीला दहा मिनिटंही लागत नाहीत. घरी करायच्या नाताळच्या कामांत लहान हातांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण करता येईल असं काम क्वचितच मिळतं. या संचाचं खरं मोल तिथे आहे.

पत्रे मधमाश्यांच्या शुद्ध मेणाचे आहेत का, हे डब्यावर वाचूनच घ्यावं. नुसतं ‘मेण’ लिहिलं असेल तर त्यात पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचं मेण, असू शकतं. शुद्ध मेणाला रंग दिला तरी मधाचा मंद वास टिकतो, आणि थंडीत ठेवल्यावर पत्र्यावर पांढुरकी भुकटी धरते. ती बुरशी नाही, पत्रा खराबही झालेला नाही. मऊ कापडाने पुसली किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा दिली की जाते. उलट ही भुकटी दिसली तर मेण अस्सल असण्याची शक्यता अधिक.

रंगाबाबत अपेक्षा थोडी बेताची ठेवावी. मधमाश्यांचं मेण मुळात पिवळं. त्यात गुलाबी रंग मिसळला की पीचसारखी छटा येते आणि जांभळा मिसळला की तपकिरीकडे झुकतो. स्वच्छ गुलाबी रंग हवा असेल तर पत्रा विरंजित, म्हणजे पांढऱ्या केलेल्या मेणाचा असावा लागतो. चांगल्या संचात तसाच देतात. तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते ती आनंदाची खूण म्हणून, आणि मुलांना ती वेगळी ओळखू यायला हवी. जांभळ्यांच्या शेजारी ती मातकट दिसली तर तो हेतूच हरवतो. त्यामुळे खरेदी करताना आधी गुलाबी पत्रा पाहावा. जांभळा रंग उन्हात फिका पडतो, म्हणून डबा खिडकीत ठेवू नये.

आता वळणं. इथे चुका होतात, आणि बहुतेक चुकांचं मूळ थंड पत्रा असतं. हवा 20 अंश सेल्सियसच्या खाली गेली की पत्रा ताठर होतो आणि पहिल्याच वळणाला तडकतो. पत्रे तासभर उबदार खोलीत सपाट पसरून ठेवावेत किंवा एका हाताच्या अंतरावरून हेअर ड्रायर फिरवावा. पत्रा कापडासारखा लवला म्हणजे तयार. चमकू लागला तर जास्त तापला. नक्षी दबते आणि थर एकमेकांना भलत्या ठिकाणी चिकटतात.

वात मेणबत्तीच्या उंचीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त कापावी. पत्र्याच्या कडेवर ठेवून कड अंदाजे तीन मिलिमीटर दुमडावी आणि वात मेणात घट्ट दाबून बसवावी. सगळी मेणबत्ती या पहिल्या घडीवर उभी असते. घडी सैल राहिली तर वातीभोवती हवेची पोकळी तयार होते, ज्योत एका बाजूला खाली उतरत जाते आणि मेण ओघळतं. पहिला वेढा आईने स्वतः घालावा आणि मग सुरळी मुलाच्या हाती द्यावी. बोटांनी न वळता दोन्ही तळहात पसरून, टेबलावर लाटल्यासारखं पुढे ढकलायचं. अर्धा पत्रा झाला की दोन्ही टोकं समपातळीत आहेत ना, ते पाहावं. एक टोक पुढे सरकलं असेल तर लगेच उलगडून पुन्हा वळावं. शेवटी ओढून सरळ करायला गेलं की सुरळी सैल पडते. शेवटची कड अंगठ्याच्या उबेने दाबून चिकटवावी. तळ कोमट तव्यावर क्षणभर टेकवला की सपाट होतो आणि मेणबत्ती ताठ उभी राहते.

वातीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण संचात सर्वांत जास्त काटकसर इथेच केलेली आढळते. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि पॅराफिनपेक्षा दाट असतं. ते वर ओढायला वात जाड लागते, शक्यतो चौकोनी विणीची सुती. पॅराफिनसाठीची बारीक वात घातली तर ज्योत लहान राहते, मधोमध विहीर होते आणि वात वितळलेल्या मेणात बुडून विझते. घरचे म्हणतात मेणबत्ती बिघडली. खरं तर वात चुकलेली असते. उलट फार जाड वातीच्या टोकाला काळं बोंड धरतं आणि काजळी येते. संचातली वात कोरडी असेल तर वापरण्यापूर्वी वितळलेल्या मेणात बुडवून, ताणून सुकवावी. त्यासाठी लागणारं चमचाभर मेण पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवावं, थेट आचेवर कधीही नाही. 85 अंशांच्या वर मेण काळवंडतं, आणि फार तापलं तर पेट घेतं. पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नये, झाकण ठेवून आच बंद करावी. एवढी एक पायरी मुलांना दूर ठेवून करायची.

आता चार पत्र्यांचा हिशेब. आगमनकाळ 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमधल्या रविवारी सुरू होतो, म्हणून त्याची लांबी 22 ते 28 दिवसांची असते. फक्त रविवारी, जेवणाआधीच्या प्रार्थनेपुरत्या दहा मिनिटं मेणबत्त्या लावल्या तर पहिली एकूण 40 मिनिटं जळते आणि चौथी 10. तेवढ्याला हे चार पत्रे पुरतात. पण मुलं असलेल्या घरात रीथ बहुधा रोज लागते, लागायलाही हवी. 2026 मध्ये आगमनकाळ 29 नोव्हेंबरला सुरू होतो. 24 डिसेंबरपर्यंत पहिली मेणबत्ती 26 दिवस, दुसरी 19, तिसरी 12 आणि चौथी 5 दिवस जळेल. रोज 15 मिनिटं धरली तर पहिलीचे साडेसहा तास होतात आणि चौथीचा सव्वा तास. 2028 मध्ये चौथा रविवार 24 डिसेंबरलाच येतो. त्या वर्षी चौथी मेणबत्ती एकच दिवस जळेल. एकाच मापाच्या चार पत्र्यांतून हे कसं भागणार?

पहिली मेणबत्ती जाड वळणं हा उपाय सुचतो, पण दीड पत्र्याची मेणबत्ती सुमारे 2.7 सेंटीमीटर जाड होते आणि खोबणीत जात नाही. काही जण तिन्ही जांभळ्यांच्या जागा दर आठवड्याला बदलतात, म्हणजे त्या सारख्या झिजतात. दिसायला ते नीटनेटकं, पण मग ‘ही पहिल्या रविवारची’ असं मुलाला बोट दाखवून सांगता येत नाही. चार उंचींच्या पायऱ्या दिसणं हीच तर रीथची दिनदर्शिका. त्यामुळे दोन जांभळे पत्रे जास्तीचे घ्यावेत आणि पहिली व दुसरी मेणबत्ती संपत आली की नवी लावावी. सुटे पत्रे मिळत असतील तर संचापेक्षा तेच बरे: सहा रंगीत, रीथच्या मधल्या ख्रिस्तमेणबत्तीसाठी दोन पांढरे आणि योग्य जाडीची वात.

बदलण्याची वेळ आगीच्या दृष्टीनेही पाळायला हवी, आणि संचाची पत्रकं याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. चौथ्या आठवड्यात पहिली मेणबत्ती सर्वांत बुटकी असते, आणि भोवतीचा पाला तेव्हाच सर्वांत वाळलेला असतो. ज्योत पानांच्या पातळीला येते ती नेमकी त्याच दिवसांत. खोबणीच्या वर पाच सेंटीमीटर उरले की मेणबत्ती बदलायची. पाला खोबणीच्या कडेच्या खाली राहील असाच बांधायचा, बोटाने चुरगळून पाहायचा आणि कुरकुरीत लागला की नवा घालायचा. सगळं कडं धातूच्या किंवा चिनीमातीच्या ताटात ठेवावं, प्लास्टिकच्या नाही. पंख्याचा झोत लागत असेल तर मेण एका बाजूने ओघळतं आणि मेणबत्ती वेळेआधीच संपते.

संचातलं कडं साधारण 25 ते 30 सेंटीमीटर व्यासाचं असतं. पातळ तारेचं असेल तर 20 सेंटीमीटर उंचीच्या चार मेणबत्त्यांखाली ते डुगडुगतं. घेताना खोबणीची खोली पाहावी. दोन सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर मेणबत्ती कलते. सुरळी सैल बसली तर तळाला मेणपत्र्याची पट्टी गुंडाळावी, कागद किंवा कापड कधीही नाही. जास्त जाड झाली तर तळाच्या दोन सेंटीमीटरपुरता शेवटचा वेढा कापून काढावा.

विझवताना फुंकर मारू नये. वितळलेलं मेण उडतं आणि धूर भरतो. वाकड्या तारेच्या टोकाने वात मेणाच्या थेंबात बुडवून लगेच सरळ करायची. ज्योत शांतपणे विझते आणि वात उद्यासाठी मेण पिऊन राहते. दर वेळी लावण्याआधी ती सहा मिलिमीटरवर कापावी. मुलांना हे काम पाळीपाळीने द्यायला हरकत नाही, फक्त मोठं माणूस शेजारी हवं.

पत्रकाबद्दल थोडंच. आशा, शांती, आनंद, प्रेम ही चार नावं असतात, पण शांती आणि प्रेम यांचा क्रम वेगवेगळ्या परंपरांत बदलतो. काही पत्रकांत संदेष्टे, बेथलेहेम, मेंढपाळ आणि देवदूत अशी नावं येतात. आपल्या चर्चमध्ये जो क्रम वाचतात तोच घरी ठेवावा, नाहीतर मुलं गोंधळतात. बायबलमधली यशया 9:2 आणि योहान 1:5 ही दोन वचनं मात्र प्रत्येक संचाने द्यावीत अशी आहेत. अंधार आणि प्रकाश यांविषयी याहून थेट काही नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ योहान हिनरिख विखर्न यांनी 1839 मध्ये हॅम्बुर्गमधल्या आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी चाकावर मेणबत्त्या लावून नाताळपर्यंतचे दिवस मोजायला शिकवलं, ही गोष्टही पत्रकात असायला हवी. त्या चाकावर रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या होत्या. रोज एक लावायची ही कल्पना मुलांना आजही आवडते. उरलेल्या पत्र्यांच्या पाच सेंटीमीटर उंच, बोटभर जाडीच्या मेणबत्त्या वळून ती घरीही करता येते.

पांढऱ्या पत्र्यांना नाताळनंतरही काम आहे. बाप्तिस्म्याच्या वाढदिवसाची मेणबत्ती त्यांतून होते: एक पूर्ण पत्रा, आणि त्यावर रंगीत उरल्यासुरल्या मेणातून कापलेला क्रूस, शिंपला, कबुतर, बाळाचं आद्याक्षर आणि तारीख. आकार धारदार कटरने धातूच्या पट्टीच्या आधाराने कापावेत आणि अंगठ्याच्या उबेने दाबून बसवावेत. गोंद लावू नये, तो जळताना धूर करतो. नक्षी मेणबत्तीच्या खालच्या दोन तृतीयांश भागात ठेवावी, म्हणजे दरवर्षी दहा-दहा मिनिटं लावूनही ती बरीच वर्षं शाबूत राहते. कागदात गुंडाळून, आडवी आणि थंड जागी ठेवावी. उन्हाळ्यात उभी ठेवलेली मेणबत्ती वाकते, आणि वाकलेली सुरळी सरळ करताना आतली वात सुटते.

रीथच्या मधोमध लागणारी पांढरी ख्रिस्तमेणबत्ती बहुतेक चार-पत्री संचांत येत नाही. दोन पांढरे पत्रे एकापुढे एक जोडून वळले की ती सुमारे 3.1 सेंटीमीटर जाड होते. पहिल्या पत्र्याची शेवटची कड आणि दुसऱ्याची पहिली कड एकमेकींवर न चढवता फक्त टेकवायची, नाहीतर तिथे उंचवटा राहतो. तिला वात एक क्रमांक जाड घ्यावी. कड्यात ती बसणार नाही. मध्ये छोट्या बशीवर, तळाला थेंबभर वितळलेलं मेण लावून उभी करायची आणि 24 डिसेंबरच्या संध्याकाळी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताला आईचा हात लावून पेटवायची.