'मानापमान' पुन्हा उभं करायचं तर भामिनी कोण, धैर्यधर कोण?

'संगीत मानापमान' पुन्हा रंगमंचावर आणायचं म्हटलं की आधी धैर्यधराच्या नावावर वाद सुरू होतो. माझं म्हणणं, आधी भामिनी ठरवा. श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारणारी आणि मग वनमालेच्या वेषात त्याच्यातच गुंतणारी ही मुलगी उभी राहिली नाही, तर खाडिलकरांचं नाटक नुसती पदांची मैफल होतं.

माझ्यासमोर दोन नावं आहेत. प्रियांका बर्वे आणि शुभांगी सदावर्ते. सदावर्तेंनी 'संगीत देवबाभळी'त आवली गाजवली. विठ्ठलावर धुमसणारी ती बाई पाहिली की मानी भामिनी त्यांना जड जाणार नाही, याची खात्री पटते. बर्वेंनी 'मुघल-ए-आझम'च्या रंगमंचीय प्रयोगात अनारकली साकारली, तीही प्रत्यक्ष गाऊन. या नाटकाला गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या चालींमध्ये ठुमरीचा रंग आहे. 'नाही मी बोलत नाथा' म्हणताना पहिल्यांदा रुसवा, पुढच्या वेळी लाडिकपणा आणि मग 'आता तरी समजूत काढ ना' अशी आर्जवं, हे सगळं त्याच शब्दांत आलं पाहिजे. पदं कापून प्रवेशांवर भर देणार असाल तर सदावर्तेंना घ्या. पदं राखणार असाल तर बर्वे, आणि माझा कौल त्यांनाच.

धैर्यधरासाठी राहुल देशपांडे, महेश काळे आणि आनंद भाटे ही तीन नावं हमखास येतात. भाट्यांच्या गळ्यात बालगंधर्वांची गायकी मुरलेली आहे, 'बालगंधर्व' चित्रपटात ती सगळ्यांनी ऐकली. पण ती गायकी भामिनीची. धैर्यधराला हवं तेज, 'युवती मना' फेकण्याची धमक. म्हणून भाट्यांनी तालमीत भामिनीची पदं बसवून द्यावीत, त्यांचा सर्वांत मोठा उपयोग तिथेच होईल. काळे 'चंद्रिका ही जणू' फार सुंदर गातील, यात शंका नाही, पण ते अमेरिकेत राहतात. सलग दौरा करायचा असेल तर तारखांचा घोळ होणारच. देशपांड्यांनी 'कट्यार'चा खाँसाहेब रंगमंचावर पेलला आहे. गद्य बोलता बोलता सुरात शिरायची सवय त्यांना आहे. धैर्यधर त्यांनाच द्या.

इथे एक अडचण आधीच लक्षात घ्या. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी होते, केशवराव भोसले धैर्यधर. स्वप्नातला नटसंच म्हणतात तो हाच. पण तिथे दोन्ही गळे पुरुषांचे होते. आज भामिनी बाई असेल तर तिची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीवरच्या काळी चार-पाचच्या आसपास आणि त्याची काळी एक-दोनची. साथीला दोन पट्ट्यांचे तबले लावून ठेवावे लागतील, आणि एका पदातून दुसऱ्यात जाताना पट्टी बदलली हे प्रेक्षकांना जाणवू न देणारा ऑर्गनवादक शोधावा लागेल. नटांच्या आधी त्याची तारीख घ्या.

लक्ष्मीधरासाठी प्रशांत दामले की वैभव मांगले? दामल्यांच्या नावावर तिकीटबारी भरते आणि त्यांना गाणंही येतं. पण ते आले की प्रेक्षक दामल्यांना बघून हसतात. दागिन्यांनी मढलेला तो भित्रा श्रीमंत आपल्या गुणावर हसू मिळवतो. 'अलबत्या गलबत्या'त चेटकिणीमागे स्वतःला पुसून टाकणारे मांगले मला तिथे जास्त पटतात.

कुसुमसाठी नावाजलेला चेहरा नकोच. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत दरवर्षी तयारीच्या मुली गातात, गोव्यातही कला अकादमीच्या स्पर्धेत गातात. पडद्यावर चेहरा दिसलेल्या कुणाला घेण्यापेक्षा त्यांच्यातली एक निवडा आणि पहिल्या तालमीपासून बर्वेंसोबत उभी करा.