सुट्टीच्या बॅगेत भूत न्यावं की खून?

दिवाळीला गावी निघताना फराळाचे डबे आणि पोरांचे कपडे भरून झाले की बॅगेत जेमतेम दोन पुस्तकांची जागा उरते. त्या जागेवरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. नवऱ्याला भुतंखेतं हवीत, मला खून. दोन्ही पक्ष मांडते, पण मी तटस्थ आहे असं समजू नका.

भुतांकडून पहिले उभे राहतात नारायण धारप (१९२५–२००८). धारपांचं भूत उशिरा येतं आणि खरी मजा ते येईपर्यंतच्या पानांतच असते. नोकरीधंद्यातला चारचौघांसारखा माणूस, जरा स्वस्तात मिळालेलं घर, कुणी फारसं न उघडलेली खोली, सगळं इतक्या शांतपणे सांगतात की दारावर थाप पडायच्या आधीच आपण पाय पांघरुणात ओढून घेतलेले असतात. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे. इंग्रजी वाचलं असेल तर पुढे काय होणार ते कळेल, पण नवरा म्हणतो कळूनही फरक पडत नाही, आणि इथे मला त्याचं पटतं. घाबरायचंय पण रात्री झोपही हवी, अशांनी धारपांच्या समर्थ या अमंगळाशी लढणाऱ्या नायकाच्या कथा घ्याव्यात. अमंगळ कितीही माजलं तरी समर्थ येणार हे ठाऊक असतं, त्यामुळे भीतीला जामीन मिळालेला असतो.

एक अट मात्र आहे. धारप दुपारी वाचू नयेत. उन्हात चकल्या खात वाचलेला धारप म्हणजे गार झालेली भजी. गावचं घर, लांबवर असलेला संडास आणि मधेच गेलेली वीज, इतकं जमलं तरच.

रत्नाकर मतकरींना (१९३८–२०२०) रात्रीची गरज नाही. त्यांची गूढकथा भर दिवसा चावते, कारण तिथे भूत असेलच असं नाही. बहुतेकदा घरातलंच माणूस असतं. गंमत म्हणजे ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण, जिच्यावर पोरं खदाखदा हसतात, तीही यांचीच. सुट्टीच्या दृष्टीने मतकरींचा मोठा फायदा लांबीचा. दोन चहांच्या मधे एक कथा संपते. “अगं, जरा खोबरं किसून दे” अशी हाक आली तरी धागा तुटत नाही. मात्र किसताना ती कथा डोक्यात फिरत राहते, तेवढी बोटं सांभाळा.

आता माझा पक्ष. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावं घेतली की आमचे सासरे अजून खुर्चीत सावरून बसतात. माझं प्रामाणिक मत: आज त्या चिवड्यासारख्या लागतात. मूठभर छान, डबाभर नको. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सुहास शिरवळकरांकडे जावं. त्यांचा वकील अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की संवाद असे तडतडतात की पान कधी उलटलं ते कळत नाही. ‘दुनियादारी’मुळेच त्यांचं नाव ऐकलेल्यांना हा शिरवळकर वेगळाच वाटेल.

खुनाच्या बाजूला दोन उणिवा आहेत, त्या लपवत नाही. रहस्यकथेला सलग तीन-चार तास लागतात. तुकड्या-तुकड्यांत वाचली की पुतण्या कोण आणि भाडेकरू कोण याचा घोळ होतो, आणि भरल्या घरात सलग तीन तास फक्त आजारी माणसाला मिळतात. दुसरं म्हणजे फोडणारे. लहानपणी वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात कुणीतरी सतराव्या पानावरच पेन्सिलीने ‘खुनी = डॉक्टर’ लिहून ठेवलं होतं. त्या वाचकाला मी अजून माफ केलेलं नाही. भयकथेचं असं होत नाही. शेवट माहीत असूनही ती दुसऱ्यांदा भिववते, आणि अंगणात गोल करून मोठ्याने वाचताही येते. खून ज्याचा त्याने एकट्याने वाचायचा.

सोबत दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर दोन्ही बाजू सोडा आणि सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा घ्या. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद आहे. रक्त कमी, कोडी जास्त, आणि मुलांची झाली की मोठेही हळूच पळवतात.

चारच दिवस आणि घर माणसांनी गजबजलेलं असेल तर मी मतकरी नेईन. आठवडा असेल आणि रात्री गप्पा संपल्यावर एखादा कोपरा मिळणार असेल तर धारप. शिरवळकर जायच्या-यायच्या गाडीसाठी. खिडकीची जागा मिळाली तर तिथे कुणी खोबरं किसायला सांगत नाही. यंदा त्याप्रमाणे मतकरी आणि शिरवळकर भरले आहेत. नवऱ्याने ‘लुचाई’ अनारशांच्या डब्याखाली सरकवलेली मी पाहिली आहे, पण बोललेली नाही.