नर्मदा परिक्रमा, सीट नंबर ३३-३४

३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत चढायच्या आधी माझी नजर टायरवर जाते. टायर चांगले होते. ड्रायव्हर दोन होते, रात्री दहानंतर गाडी कधी हाकली नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, माझं भांडण मुख्यतः एका बाटलीशी आहे.

परिक्रमेत मैया उजव्या हाताला ठेवायची, म्हणून मी हट्टाने उजवीकडची सीट मागितली. मिळाली ती बरोबर मागच्या चाकावर. आणि मैया खिडकीतून दिसते कुठे? रस्ता तटापासून कितीतरी आत. बसची परिक्रमा म्हणजे या घाटावरून त्या घाटावर, हे आधीच समजून जा.

ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प झाला. ज्योतिर्लिंग समोरच्या बेटावर, मधे पूल. पण परिक्रमा पुरी होईपर्यंत मैया ओलांडायची नाही, त्यामुळे सुरुवातीला दर्शन अलीकडच्या तटावरच्या ममलेश्वराचंच. बजावून सांगितलं होतं, तरी दोघं निघालेच पुलाकडे. मॅनेजर पोरगा अनवाणी पळत जाऊन त्यांना माघारी घेऊन आला. त्या पोराला मानलं.

आता बाटली. संकल्पाच्या वेळी मैयाचं पाणी कुपीत भरून घ्यायचं आणि शेवटपर्यंत सांभाळायचं. कंपनीने दिलेली कुपी पातळ प्लास्टिकची, झाकणाला आटे जेमतेम दोन. बडवानी यायच्या आत हिची पिशवी ओली. मॅनेजर म्हणाला, ‘काकू, पुढच्या घाटावर भरून घ्या, मैयाचंच पाणी.’ हिला ते पटलं नाही. चहावाल्याकडून दुधाची रिकामी पिशवी मागून घेतली, दातांनी तुकडा तोडला, झाकणाखाली धरला आणि घट्ट फिरवलं. पुन्हा थेंब गळला नाही. माणशी एवढे हजार घेणाऱ्यांना चांगली कुपी जड झाली का?

मैया सागराला मिळते तिथे, कठपोरला, गाडी रिकामी भरूचच्या पुलावरून पलीकडे जाते आणि आपण नावेतून, सागरातून वळसा घालून, उत्तर तटावरच्या मिठीतलाईला. भरतीची वेळ साधायची म्हणून रात्री दोनला उठवलं. लाइफ जॅकेट सगळ्यांना होती. पण औषधं जवळ ठेवा, हे कुणी सांगितलं नाही. माझी बीपीची गोळी गाडीबरोबर पुलावरून गेली. संगमावर थोडं पाणी सागरात सोडून तिथलं भरून घेतात, तेव्हा दुधाची पिशवी काढून परत लावायचा सोहळा अंधारात, हलत्या नावेत झाला.

गरुडेश्वरला फक्त ४० मिनिटं! हिचं माहेर नरसोबाच्या वाडीजवळ, लहानपणापासून दत्ताची करुणात्रिपदी तोंडपाठ. ती रचणाऱ्या टेंबे स्वामींची ही समाधी, १९१४ सालची. ही डोळे मिटून बसली आणि बाहेर हॉर्न सुरू. मीही आयुष्यभर घंटी मारली, पण असली नाही.

जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. अमरकंटकच्या थंडीत गरम भाकरी आणि पिठलं, तेही मागेल तेवढं.

जेवण पैकीच्या पैकी, गाडी सात, कुपी शून्य. कार्तिकी झाली की मेहुणा याच कंपनीतून जातोय. त्याला पुढची सीट घ्यायला सांगितलंय, आणि स्टीलची बाटली आमच्याकडून देतोय.