कोरेलियन कॉन्फ्लिक्ट: फासे टाकण्याआधी कार्ड वाचणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगते, कारणमीमांसा नंतर. ‘स्टार वॉर्स: आर्माडा’ हा टेबलावर खेळायचा अवकाश-आरमाराचा खेळ उत्तम आहे. त्याच्यासाठी निघालेला ‘द कोरेलियन कॉन्फ्लिक्ट’ हा मोहिमेचा, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या लढायांचा, बॉक्स त्याहून रंगतदार आहे, पण त्याला शांत डोकं आणि एक वही लागते. दिवाणी दाव्यांत निम्मं आयुष्य गेल्यामुळे असेल, मला त्यातली वहीच जास्त आवडली.

खेळ अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या फँटसी फ्लाइट गेम्सचा, २०१५ सालचा. माझ्या भाच्याने तिकडून येताना आणला आणि आता त्याची मित्रमंडळी शनिवारी आमच्याकडे ठाण्याला जमतात. जहाजं रंगवलेली येतात, त्यामुळे ब्रश घेऊन बसावं लागत नाही. प्रत्येक जहाजाची किंमत गुणांत असते; प्रत्येकाने ४०० गुणांचं आरमार बांधायचं, सहा फुटी बाय तीन फुटी पटावर मांडायचं आणि सहा फेऱ्या खेळायच्या. आमचं जेवणाचं टेबल पुरत नाही, म्हणून त्याला इस्त्रीचं टेबल जोडतो. मध्ये जी फट राहते तिला पोरं ‘हायपरस्पेस’ म्हणतात.

जहाज जितकं मोठं तितके त्याचे हुकूम आधी ठरवावे लागतात. सीआर९० ह्या छोट्या जहाजाला ह्याच फेरीचा हुकूम देता येतो. व्हिक्टरी-क्लासच्या धुडाला हुकूम लावायच्या तीन तबकड्यांची चळत असते. आज खाली सरकवलेली तबकडी दोन फेऱ्यांनी वर येते, आणि तोवर शत्रू भलत्याच बाजूला पोचलेला असतो. सरकारी खात्यात अर्ज केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण मी ह्या खेळात अडकले ती उद्दिष्टांच्या कार्डांमुळे. प्रत्येक आरमाराबरोबर, लढाई कशावरून होणार हे ठरवणारी, तीन कार्डं असतात: लाल हल्ल्याचं, पिवळं बचावाचं, निळं नौकानयनाचं. ज्याच्या आरमाराचे गुण कमी, तो ठरवतो पहिला कोण आणि दुसरा कोण. मग पहिला खेळाडू दुसऱ्याची तिन्ही कार्डं बघतो आणि त्यातलं एक उचलतो. कार्डं तुमची आणि निवड समोरच्याची. म्हणून तीनपैकी एक जरी लेचंपेचं ठेवलंत तरी तो नेमकं तेच उचलणार. तिन्ही कार्डं त्याला सारखीच नकोशी वाटतील अशी निवडण्यात खरी हुशारी आहे. नवखा माणूस संध्याकाळभर जहाजांच्या यादीवर डोकं खपवतो आणि कार्डं निघताना घाईघाईत उचलतो. तो कुठे हरणार, हे मांडणीच्या वेळीच कळतं.

‘मोस्ट वाँटेड’ घ्या. दोन्ही बाजूंचं एकेक जहाज ‘उद्दिष्ट’ ठरतं. त्यावर हल्ला करणाऱ्याला एक जादा फासा मिळतो आणि ते बुडालं तर त्याचे गुण दुप्पट. भाचा म्हणाला, “मावशी, ज्याचं जहाज त्याने निवडायचं, सरळ आहे.” सरळ वाटतं खरं, पण कार्डावर तसं नाही. दोन्ही जहाजं दुसरा खेळाडू निवडतो, आपलंही आणि समोरच्याचंही. म्हणजे मी माझं ३९ गुणांचं सीआर९०-बी पुढे करणार आणि त्याचं १२० गुणांचं इम्पीरियल-टू धरणार. माझा धोका ७८ चा, त्याचा २४०. एवढं वाचून पहिला खेळाडू ते कार्ड मुळात उचलेल का, हा त्याचा प्रश्न. उचलतात, कारण लाल कार्ड म्हणजे मारामारी आणि मारामारी म्हणजे मजा, असं तरुण रक्ताला वाटतं.

‘कंटेस्टेड आउटपोस्ट’ हे माझं लाडकं पिवळं कार्ड. पटाच्या मधोमध एक स्थानक. दर फेरीच्या शेवटी, स्थानकापासून मोजपट्टीच्या पहिल्या अंतरपट्टीत ज्याच्या जहाजांच्या ‘कमांड’ आकड्यांची (हुकुमांच्या तबकड्या जितक्या, तो आकडा) बेरीज जास्त, त्याला एक टोकन. एका टोकनाचे २० गुण. पाच फेऱ्या बूड टेकून बसलात तर १०० गुण होतात, आणि विद्रोह्यांची आख्खी नेब्युलॉन-बी एस्कॉर्ट फ्रिगेट ५७ ची. म्हणजे एकही गोळा न झाडता जवळजवळ दोन फ्रिगेटी खिशात. व्हिक्टरीची कमांड तीन आणि वेग जेमतेम दोन. इतर वेळी लोक ज्या जहाजाला हसतात ते इथे धनी होतं. पण लोभाने वेग शून्यावर आणू नका. वेग शून्य असलेल्या जहाजाला बचावाची टोकनं, म्हणजे मार चुकवायची साधनं, वापरता येत नाहीत, हे मूळ नियमांत आहे आणि उद्दिष्टाच्या कार्डावर त्याची आठवण कोणी करून देत नाही.

अंतराचीही गंमत आहे. मोजपट्टीला दोन बाजू असतात, एक तोफांच्या पल्ल्याची आणि दुसरी अंतराची, आणि उद्दिष्टं बहुतेकदा अंतराच्या बाजूने मोजायची असतात. काही नियमांत जहाजाचा कोपरा पट्टीत शिरला तरी पुरतं, काही ठिकाणी आख्खा तळ आत हवा. नियमपुस्तकात ह्या दोन्ही गोष्टींची व्याख्या आहे, फक्त ती मागच्या पानांत आहे आणि मागची पानं कोणी वाचत नाही. आमच्याकडचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

उरलेल्यांना दोन सोनेरी नियम पुरतात. कार्ड आणि पुस्तक एकमेकांच्या आड आले तर कार्डाचं खरं. आणि कार्डाने एखादी गोष्ट करायला मनाई केली असेल तर दुसऱ्या कुठल्याही परवानगीने ती मनाई उठत नाही. आमच्या कायद्यांत “काहीही अंतर्भूत असले तरी” अशी सुरुवात करून जे काम करतात, तेच हे. हा क्रम डोक्यात बसला की पोरांचे “पण डिझायनरच्या मनात काय होतं?” असले युक्तिवाद आपोआप गळून पडतात. मनात काय होतं ते सांगायला साक्षीदार नाही. लिहिलंय काय ते वाचा.

आता मोहीम. ‘कोरेलियन कॉन्फ्लिक्ट’ २०१६ साली जाहीर झाला. दोन ते सहा जणांसाठी, विद्रोही विरुद्ध साम्राज्य असे दोन गट. कोरेलियन सेक्टरचा नकाशा मिळतो, त्यावर तळ आणि ठाणी चिकटवायची, एकमेकांच्या जागांवर चाल करून जायचं. प्रत्येक लढाई नेहमीच्या आर्माडासारखीच, पण आरमार तेच पुढे चालतं. सुरुवात ४०० गुणांची, आणि मिळालेल्या साधनांतून वाढवत ५०० पर्यंत नेता येतं. नाव असलेली व्यक्ती किंवा जहाज गटात एकाच्याच आरमारात असू शकतं, त्यामुळे पहिली फेरी सुरू होण्याआधीच गटात वाटणीचा दावा उभा राहतो. शेवट सर्वंकष चढाईने होतो.

मजा अशी की, उद्दिष्टाचं कार्ड तेच राहतं आणि त्याचा अर्थ पालटतो. सुट्या सामन्यात सहाव्या फेरीला उद्या नसतो. वीस गुणांसाठी फ्रिगेट शत्रूच्या तोंडात घालता येते. मोहिमेत बुडालेलं जहाज जखमी म्हणून परत येतं, दुरुस्तीला साधनं खर्च होतात, आणि जखमी असताना पुन्हा बुडालं तर कायमचं गेलं. हायपरस्पेसमधून माघार घेण्याचीही सोय आहे. म्हणजे ‘कंटेस्टेड आउटपोस्ट’वर चौथ्या फेरीत विचारायचा प्रश्न बदलतो: हे स्थानक मला आजच्या विजयासाठी हवंय, की पुढच्या शनिवारी मांडायला जहाज हवंय? भाच्याचा एक मित्र बँकेत कर्जवसुलीला आहे. तो ह्या हिशेबात आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. हरतोय असं दिसलं की शांतपणे दोन जहाजं काढून घेतो, आणि समोरचा विजयाचे पेढे वाटत असताना ह्याचं आरमार शाबूत.

दोष सांगायलाच हवेत. मोहिमेच्या पहिल्या एकदोन फेऱ्यांत जो गट पुढे जातो तो पुढेच जात राहतो; जिंकणाऱ्याला साधनं, साधनांतून जहाजं, जहाजांतून पुन्हा जिंकणं. मागे पडलेल्याला सावरायला वाव आहे, पण तो आखूड आहे. दुसरं, सहा प्रौढ माणसं महिनोन्‌महिने ठरल्या दिवशी हजर राहतील असं पुस्तकाने गृहीत धरलंय. एक जण गैरहजर राहिला तर त्याचं आरमार कोणी चालवायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही असले निर्णय वहीत तारखेसह लिहितो आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतो. स्टॅम्प पेपर तेवढा राहिलाय. पोरं हसतात, पण वाद निघाला की वही आधी तीच उघडतात. माझा आग्रह एवढाच, की असा निर्णय लढाई सुरू होण्याआधी व्हावा. मोजपट्टी टेबलावर ठेवल्यानंतर प्रत्येकाला आपल्या फायद्याचाच अर्थ दिसतो.

घ्यावा का? आर्माडा पुढे अ‍ॅटॉमिक मास गेम्सकडे गेला आणि २०२४ मध्ये त्याचा विकास थांबल्याचं जाहीर झालं. नवं काही येणार नाही, म्हणजे मधूनच नियम बदलण्याची धास्तीही गेली. मिळेल ते जुनं, वापरलेलं आणि महाग. केवळ मोहिमेसाठी येणार असाल तर दोन्ही बाजूंची जहाजं मिळून पुरेशी आहेत का ते आधी मोजा, कारण ह्या बॉक्समध्ये जहाजं नाहीत. नकाशा, स्टिकर, कार्डं आणि पुस्तक आहे. २०२० साली आलेल्या क्लोन वॉर्सच्या प्रजासत्ताक आणि फुटीरतावादी आरमारांना ह्यात जागा नाही, तेव्हा विक्रेता तीच गळ्यात मारू लागला तर नको म्हणा. आणि स्टिकर नकाशावर चिकटवू नका. एकदा चिकटले की मोहीम एकदाच. आम्ही नकाशाची रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेट केली आहे आणि त्यावर व्हाइटबोर्डच्या पेनाने लिहितो. ओल्या फडक्याने पुसलं की कोरेलिया पुन्हा कोरी.