तळाशी मुकुट-‘एन’, वर्णनात ‘कापोदिमोंते’
ऑनलाइन अँटिक दुकान. पॅकिंग उत्तम, तळाचाही स्वच्छ फोटो. माहिती मात्र चुकीची. देवदेवतांच्या उठावाची पोर्सिलेनची डबी, खाली निळा मुकुट-‘एन’ (मुकुटाखाली इंग्रजी ‘N’ अशी खूण) आणि वर्णन ‘कापोदिमोंते, १७५०’! कापोदिमोंते हा नेपल्सचा पोर्सिलेन कारखाना १७४३ ते १७५९ चालला, त्याची खूण लिलीचं फूल. मुकुट-‘एन’ नंतरच्या नेपल्सच्या शाही कारखान्याचा; पुढे जिनोरी या इटालियन पोर्सिलेन कंपनीने आणि जर्मन कारखान्यांनीही तो सर्रास मारला. शिवाय अस्सल कापोदिमोंते मऊ (कमी तापात भाजलेल्या) पोर्सिलेनचं, त्याचा टवका साखरेसारखा रवाळ. इथे तळकडेचा टवका काचेसारखा चकचकीत. भिंगातून ‘एन’शेजारी खरवडल्याची खूण दिसते, बहुधा माल नंतरचा असल्याचं उघड करणारं देशाचं नाव उडवलंय. माल परत घेतात, पण कुरियर आपल्याच माथी. शोकेससाठी ठीक, १७५०च्या भावाने नाही.