पेंग्विन वॉच : विज्ञानशिक्षकांनी आणि पक्षीनिरीक्षकांनी वापरून पाहावी अशी सेवा

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2014 साली झूनिव्हर्स या संकेतस्थळावर सुरू केलेली ‘पेंग्विन वॉच’ ही मोफत सेवा कोल्हापुरातील पक्षीनिरीक्षकांनी आणि विज्ञानशिक्षकांनी अवश्य वापरावी, असे मला मनापासून वाटते. अंटार्क्टिकात आणि दक्षिण महासागरातील बेटांवर पेंग्विनांच्या वसाहतींसमोर बसवलेले कॅमेरे ठरावीक वेळाने आपोआप छायाचित्रे टिपत राहतात, आणि त्या छायाचित्रांतील प्रौढ पक्षी, पिल्ले व अंडी यांवर एकेक खूण करण्याचे काम आपल्यासारख्या सामान्य माणसांनी करायचे असते. नावनोंदणी न करताही सुरुवात करता येते. एकच छायाचित्र अनेकांना दाखवून सर्वांच्या खुणा पडताळल्या जातात, त्यामुळे नवख्या माणसाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. रंकाळ्यावर किंवा कळंबा तलावावर पाणपक्षी मोजणाऱ्यांना तर हे काम लगेच जमेल.

ज्यात नुसता बर्फ दिसतो, एकही पक्षी नसतो, अशी छायाचित्रे आली की मुले कंटाळतात. माझ्या मते मात्र या सेवेचे खरे मोल अशाच छायाचित्रांत आहे. वसाहत कोणत्या दिवसापर्यंत रिकामी होती हे कळल्याशिवाय पक्षी नेमके केव्हा परतले हे ठरवता येत नाही, आणि हवामानबदलाचा परिणाम जोखण्यासाठी तीच तारीख लागते. 2012 ते 2022 या काळातील कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की जेंटू पेंग्विनांचा विणीचा हंगाम दशकभरात सरासरी 13 दिवसांनी, तर अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप पेंग्विनांचा सुमारे 10 दिवसांनी अलीकडे सरकला, म्हणजे तितका लवकर सुरू होऊ लागला आहे. एरवी थोड्याफार अंतराने वीण करणाऱ्या या जाती आता एकाच वेळी जागेसाठी आणि अन्नासाठी समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. त्यात जेंटू मासे, क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) असे मिळेल ते खातो आणि कमी बर्फातही निभावून नेतो. अ‍ॅडेलीचे जगणे मात्र समुद्री बर्फाशी बांधलेले आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर जेंटूंची संख्या वाढत असताना अ‍ॅडेलींची घटत चालली आहे, ती उगाच नव्हे.

सगळ्याच पेंग्विनांचा हिशेब कॅमेऱ्यातून लागत नाही. समुद्री बर्फावर वीण करणाऱ्या एम्परर पेंग्विनांच्या वसाहती शोधण्यासाठी उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसणाऱ्या विष्ठेच्या तपकिरी डागांचा आधार घ्यावा लागतो.

2019 चा पंचगंगेचा महापूर पाहिलेल्या या शहरात हवामानबदलाविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्याचा पुरावा कसा गोळा होतो हे विद्यार्थ्यांना क्वचितच पाहायला मिळते. आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी ही सेवा मला सर्वांत योग्य वाटते. शिक्षकांनी सूचना आधी मराठीत समजावून द्याव्यात, पहिली काही छायाचित्रे मोठ्या पडद्यावर सर्वांसोबत सोडवावीत, आणि कोणते पिल्लू व कोणता प्रौढ पक्षी यावर मुलांना मनसोक्त वाद घालू द्यावा.